दुकानातून पिल्लू आणताय? आधी दिवस मोजा

पांदणवाट

सोयाबीन निघालं, कापसाचे पहिले पैसे हाती आले की तालुक्यातालुक्यातून लोक नागपूर, अमरावती, अकोल्याला जातात आणि येताना खोक्यात कुत्र्याचं पिल्लू घेऊन येतात. मग आठवड्याभरात त्याच पिल्लासाठी सलाईन लावणारा माणूस शोधत फिरायची वेळ येते. हवा मानवली नाही, नजर लागली, नशीब खराब, असं बोललं जातं. खरं कारण बहुतेक वेळा दिवसांच्या हिशेबात सापडतं. हा धागा त्या हिशेबासाठी काढला आहे.

पहिला आकडा ५६. आठ आठवडे पूर्ण होण्याआधी पिल्लू विकायला बंदी आहे, २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांतही आणि २०१८ च्या पेट शॉप नियमांतही. बाजारात मात्र ‘४५ दिवसांचं’ हे इतकं रुळलं आहे की लोकांना तेच बरोबर वाटतं. त्यात ४५ म्हणून दाखवलेलं पिल्लू ३०-३५ दिवसांचंही असू शकतं. लहान पिल्लू गोंडस दिसतं, लवकर खपतं आणि त्याच्या खाण्याचा खर्च वाचतो.

दुसरा आकडा आजाराचा. पार्व्होचा विषाणू पोटात गेल्यापासून उलट्या-जुलाब दिसेपर्यंत साधारण ३ ते ७ दिवस जातात, क्वचित १४. डिस्टेंपरला, म्हणजे ताप, डोळ्यांत चिपडं आणि पुढे झटके येणाऱ्या आजाराला, एक-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त. म्हणजे दुकानात लागण झालेलं पिल्लू दुकानात उड्या मारतं, वाटेत झोपतं, घरी दोन दिवस पोरांशी खेळतं आणि मग पडतं.

तिसरा आकडा गॅरंटीचा. ती तोंडी असते, दोन-तीन दिवसांची. आता तिन्ही आकडे शेजारी मांडून पाहा. आजार उघड होतो तेव्हा गॅरंटी संपलेली असते, आणि दुकानदार म्हणतो, ‘इथून तर ठणठणीत गेलं होतं.’ त्याचं म्हणणं दिसायला खरंच असतं, म्हणून माणूस गप्प बसतो.

लागण दुकानात का होते तेही सांगतो. चार-पाच ठिकाणची पिल्लं दलालामार्फत एका पिंजऱ्यात येतात. आईचं दूध तुटलेलं, प्रवासाचा ताण, बदललेलं खाणं, आणि नेमकं याच वयात आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती उतरणीला लागलेली. एका पिल्लाच्या विष्ठेतून पार्व्हो बाहेर पडला की पाण्याचं भांडं, जाळी, झाडणाऱ्याची चप्पल, पिल्लू उचलून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाचे हात, सगळीकडे तो पोचतो. नेहमीच्या फिनाईलनं पुसून तो मरत नाही. पार्व्होच्या जोडीला गोलकृमी, कॉक्सिडिया, जिआर्डिया (पोटातले परजीवी), केनेल कफ (संसर्गाचा खोकला) आणि खरूज हे गर्दीचे आजार आहेतच.

ज्यांना लसी, पारख, कागद यातलं नीट माहीत आहे त्यांनी भर घाला.

---

पऱ्हाटी

भाऊ, पण दुकानवाले कार्ड देतात नं लसीचं. त्यावर दोन डोस मारलेले असतात. मंग काहून होते पार्व्हो?

---

बोरबन

पऱ्हाटी भाऊ, सगळ्यात जास्त फसवणूक इथंच होते, म्हणून सविस्तर लिहिते.

पिल्लाला पहिल्या दिवसाच्या चिकातून आईची प्रतिपिंडं मिळतात. ती आजारापासून वाचवतात, तशीच लसीलाही हाणून पाडतात. पाचव्या आठवड्यात टोचलेली लस आईच्या प्रतिपिंडांनीच निकामी केली तर कार्डावर डोस दिसतो, अंगात काहीच तयार झालेलं नसतं. ही प्रतिपिंडं कुणाची सहाव्या आठवड्यात उतरतात, कुणाची बाराव्या-चौदाव्यात, आणि बाहेरून ते ओळखता येत नाही. म्हणूनच ६ ते ८ आठवड्यांना पहिला डोस, मग दर ३-४ आठवड्यांनी, आणि शेवटचा डोस १६ आठवडे किंवा त्यानंतर, असं वेळापत्रक असतं. शेवटचा चुकला तर आधीच्या डोसांचा भरवसा नाही. सहा आठवड्यांच्या आत टोचलेला डोस तर मोजायचाच नाही. रेबीजची लस १२ आठवड्यांनी, पुढे डॉक्टर सांगतील तसा बूस्टर.

मधला काळ सर्वांत धोक्याचा. आईची प्रतिपिंडं आजार अडवण्याइतकी उरलेली नसतात, पण लस अडवण्याइतकी असतात. दुकानातली पिल्लं नेमकी याच खिडकीत विकली जातात. शिवाय लस टोचली त्याच दिवशी संरक्षण मिळत नाही, काही दिवस जातात. विकायच्या सकाळी टोचून ‘व्हॅक्सिनेटेड’ म्हटलेलं पिल्लू त्या क्षणी उघडंच असतं.

कार्ड हातात घेतलं की हे बघा. लसीच्या बाटलीवरचं स्टिकर सोलून कार्डावर चिकटवलेलं असतं, त्यावर बॅच नंबर आणि मुदत छापलेली असते. नुसतं पेनानं ‘सेव्हन इन वन’ (अनेक आजारांची एकत्र लस) लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. शेजारी डॉक्टरांची सही, शिक्का आणि पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा. लसीच्या तारखेवरून वय मोजा. आज पिल्लू ५० दिवसांचं सांगतात आणि पहिला डोस २२ दिवसांपूर्वीचा असेल, तर तो चौथ्या आठवड्यात टोचला. तो डोस वाया गेलेला आहे, किंवा वय खोटं आहे.

दुसरी गोष्ट थंडाव्याची. ही लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. एका बाटलीत सुकी वडी असते, दुसरीत पाणी. दोन्ही मिसळल्यावर लगेच टोचायची असते. दुकानाच्या फ्रिजमध्ये पेप्सीच्या बाटल्यांशेजारी, रोज दोन-चार तास लाइट गेलेली लस टिकत नाही. पुढचे डोस गावाकडे घेताना मेडिकलमधून लस थर्मासमध्ये किंवा थर्माकोलच्या डब्यात आइसपॅक घालून न्या. बर्फाला थेट टेकवू नका. लसीतला लेप्टोस्पायरोसिसचा (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या आजाराचा) भाग गोठला तर खराब होतो, आणि भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्यांत फिरणाऱ्या कुत्र्याला तो भाग फार गरजेचा आहे.

---

धुऱ्यावर

वयाचं दातांवरून बघा, कार्डावरून नको.

डोळे १०-१४ दिवसांत उघडतात. सुळे आणि पुढचे दात तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात येतात. त्यानंतर मागच्या दाढा. आठ आठवड्यांच्या आसपास दुधाचे २८ दात पूर्ण होतात. ओठ बाजूनं वर करून मागं बघायचं. दाढा हिरडीतून नुसत्या टोकानं डोकावताहेत, पुढचे दात बारीक आहेत, पिल्लू चालताना मागून लडबडतं, तर ते ५६ दिवसांचं नाही, कार्ड काहीही म्हणो.

मग बाकीची पारख, पिल्लू खाली फरशीवर सोडून:

नाकाडोळ्यांतून पाणी किंवा पू, कोरडा घोगरा खोकला. हिरडी बोटानं दाबून सोडा, दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला पाहिजे. पांढरट हिरडी म्हणजे रक्त कमी, कारण हुकवर्म (रक्त पिणारे जंत) किंवा गोचीड ताप असू शकतो. गोचीड कानाच्या आतल्या घडीत आणि बोटांच्या बेचक्यात शोधा, पाठीवर नाही. कानाची कड अंगठ्यानं चोळली आणि मागचा पाय खाजवल्यासारखा हलला, तर खरजेचा संशय घ्या. गोल केस गेलेला डाग म्हणजे गजकर्ण, ते घरातल्या लेकरांनाही लागतं. फासळ्या दिसतात आणि पोट टम्म, तर जंत. शेपटीखाली चिकटलेली विष्ठा, बेंबीपाशी मऊ गाठ, वरखाली जबडा न जुळणं, मागून टाळी वाजवल्यावर न वळणं, हे सगळं दोन मिनिटांत कळतं.

त्वचा खांद्यावर चिमटीत उचलून सोडा. लगेच बसली पाहिजे. हळूहळू बसली तर अंगातलं पाणी कमी झालंय.

---

तेंदूपान

धुऱ्यावर दादा, पारख बरोबरच आहे, पण एक मोठी फट राहते. विकण्याआधी स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलेलं असेल तर ताप दबतो, भूक लागते, पिल्लू एक-दोन दिवस टवटवीत दिसतं, आणि आतमध्ये प्रतिकारशक्ती आणखी खाली जाते. जुलाब थांबवायचं औषध दिलं की शेपूटही स्वच्छ. त्यामुळे ‘खेळकर दिसलं’ हा पुरावा धरू नये.

त्यापेक्षा अख्खा पिंजरा बघा. खालच्या कागदावरची ताजी विष्ठा कशी आहे, कोणतं पिल्लू कोपऱ्यात पाठ वाकवून बसलंय, भांड्यातलं खाणं जसंच्या तसं आहे का. एक आजारी दिसलं तर त्या पिंजऱ्यातली सगळीच लागण झालेली धरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जाता आलं तर जा. आणि एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जाताना हात साबणानं धुवा, नाहीतर आपणच विषाणू वाहून नेतो.

---

साळुंकी

वाचून जीव कासावीस होतो. कोपऱ्यात बसलेलं ते आजारी पिल्लू तिथंच सोडून यायचं का? निदान घरी आणून औषधपाणी तरी होईल.

---

तेंदूपान

साळुंकीताई, तुमचं मन खोटं नाही. पण पैसे मोजले की दुकानदाराच्या लेखी तो माल खपला, आणि रिकाम्या जागेत पुढच्या आठवड्यात दुसरं ३५ दिवसांचं पिल्लू येतं, त्याच न धुतलेल्या पिंजऱ्यात. त्याची आई मागं कुठल्यातरी खोलीत पुढच्या वेतासाठी बांधलेली असते. नियमानुसार १८ महिन्यांच्या आत कुत्री लावता येत नाही आणि वर्षाला एकापेक्षा जास्त वेत घेता येत नाही, पण दुकानात उभं राहून ती आई कोणाला दिसते?

त्या पिल्लासाठी काही करायचं असेल तर फोटो, तारीख, दुकानाचं नाव घेऊन जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. प्रत जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला, पोच घेऊन. आजारी पिल्लू विकायला ठेवणं हाच नियमभंग आहे. आणि घरी आणायचंच ठरलं, तर घरात दुसरं कुत्रं नसावं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठता यायला हवा, एवढं तरी बघा.

---

संत्राबाग

आमच्याकडे बगीच्यात राखणीला कुत्रं पाहिजे. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) दोन्हीचा त्रास. दुकानदार ‘डबल कोट, हेवी बोन’ जर्मन शेफर्ड दाखवतो, केसीआय पेपर वेगळे पैसे देऊन. घ्यावं का?

---

धुऱ्यावर

‘डबल कोट’, ‘हेवी बोन’, ‘पंच फेस’, ‘टीकप’, ‘शो क्वालिटी’ ही विक्रीची भाषा आहे. हेवी बोन म्हणून दाखवलेल्या जाड पायांच्या पिल्लात कधी मुडदूसही असतो. सांधे फुगलेले, पाय बाहेर वाकलेले. नुसत्या दूध-पोळीवर किंवा नुसत्या मटणावर वाढलेल्या पिल्लात कॅल्शियम-फॉस्फरसचं गणित बिघडून हे होतं. शेफर्ड आणि लॅब्राडोरमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष आनुवंशिक असतो. तो दोन महिन्यांच्या पिल्लात दिसत नाही, आईबापांच्या खुब्याच्या एक्स-रेवरून अंदाज येतो. दुकानात आईबापच नाहीत, तर एक्स-रे कुठून येणार?

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. हस्की, सेंट बर्नार्ड, पग, फ्रेंच बुलडॉग यांना टिनाच्या शेडात ठेवणं म्हणजे मरण ओढवणं. चपट्या नाकाच्या कुत्र्याला धापा टाकून अंग नीट थंड करता येत नाही. शेफर्डलाही दुपारी दाट सावली, ओली जमीन आणि दिवसभर पाणी लागतं.

अन् रानडुकराच्या कळपापुढं एकटं कुत्रं सोडू नका, कोणत्याही जातीचं. ते फाडलं जातं. कुत्र्याचं काम भुंकून जागं करणं. त्यासाठी गावातल्या चांगल्या कुत्रीचं पिल्लू घ्या, दोन महिने आईजवळ राहिलेलं, ज्याची आई राखण करताना डोळ्यानं बघितली आहे. ऊन त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. लसी, जंताचं औषध त्यालाही तितकंच लागतं, गावठी आहे म्हणून पार्व्हो सोडत नाही.

---

टिपूर

कागदांचं मी सांगतो.

केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया. त्यांचं प्रमाणपत्र वंशावळ सांगतं, तब्येत सांगत नाही. पिल्लाच्या अंगात १५ आकडी मायक्रोचिप असते आणि तोच आकडा कागदावर असतो. स्कॅनर लावून दोन्ही जुळवा. कागद आधी, पिल्लू नंतर. ‘पेपर पोस्टानं येतील’ म्हटलं की पेपर नाहीत असं समजायचं. आणि वेगळे पैसे दिले की कोणत्याही पिल्लाला ‘लागणारे’ पेपर हे दुसऱ्याच कुत्र्याचे असू शकतात.

दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असावं. नसेल तर दाखवायला सांगा, क्रमांक आणि मुदत वहीत लिहून घ्या. पिल्लू ज्याच्याकडून आलं त्या ब्रीडरचंही नाव आणि नोंदणी क्रमांक विचारा. या एका प्रश्नावर दुकानदार चिडला तर तिथूनच परत फिरा.

बिल पक्कं घ्या. त्यावर जात, लिंग, रंग, जन्मतारीख, चिपचा आकडा, रक्कम, आणि हे वाक्य: ‘१४ दिवसांच्या आत पार्व्हो, डिस्टेंपर किंवा अन्य संसर्गजन्य आजार निदान झाल्यास उपचाराचा खर्च किंवा पूर्ण रक्कम परत.’ पांदणवाट भाऊंनी वर जो हिशेब मांडला, तो या वाक्यात बसतो. दुकानदार ३ दिवसच लिहायला तयार असेल तर त्याला आपला माल माहीत आहे असं धरा. पैसे यूपीआयनं द्या, रोखीला पुरावा नसतो. पिल्लू ताब्यात घेताना दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, त्यात बिल आणि कार्ड दोन्ही दिसू द्या.

आजार निघाला तर डॉक्टरांकडून तारखेसह लेखी निदान आणि विष्ठेच्या पार्व्हो किटचा निकाल घ्या. दगावलं तर शवविच्छेदन करून घ्या. शव प्लास्टिकमध्ये गुंडाळून आजूबाजूला बर्फ ठेवायचा, डीप फ्रीजरमध्ये घालायचं नाही, गोठलं की पेशी फुटतात आणि तपासणी बिघडते. होईल तितक्या लवकर, चोवीस तासांच्या आत, जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावं. अकोल्याकडच्यांना तिथली स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था जवळ पडते.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. गडचिरोलीच्या माणसाला त्यासाठी नागपूरला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. आधी स्पीड पोस्टानं नोटीस, १५ दिवसांची मुदत, मग तक्रार. सल्ल्याला ग्राहक हेल्पलाइन १९१५.

फेसबुक-व्हॉट्सअॅपवरचा फोटो बघून ॲडव्हान्स पाठवू नका. ‘पिल्लू ट्रॅव्हल्सनं टाकतो’ म्हणणारा एकतर पाठवतच नाही, किंवा डिकीत घालून पाठवतो. पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करा, तासाभरात केला तर रक्कम अडवायची शक्यता जास्त.

---

पऱ्हाटी

टिपूर भाऊ, लई कामाचं लिहिलं. किटवर एक इचारतो. दुकानवाला म्हणते की लसीमुळंच किट पॉझिटिव्ह दाखवते. खरं हाय का?

---

बोरबन

अर्धं खरं आहे. जिवंत विषाणूची लस टोचल्यावर पुढचे काही दिवस विष्ठेत लसीचा विषाणू थोडा उतरतो आणि किटवर फिकट रेघ येऊ शकते. पण लसीमुळे पिल्लू रक्ताचे जुलाब करत नाही. ठळक रेघ, वास मारणारे रक्ताचे जुलाब आणि रक्त तपासणीत पांढऱ्या पेशी खाली आलेल्या, हे तिन्ही एकत्र असतील तर तो पार्व्होच. उलट अगदी सुरुवातीला किट निगेटिव्हही येतं. लक्षणं असतील तर दुसऱ्या दिवशी परत करायला सांगा.

---

पांदणवाट

ज्यांनी आधीच घेतलं आहे किंवा घेणारच आहेत, त्यांच्यासाठी प्रवास आणि पहिले १४ दिवस.

निघायचं पहाटे किंवा संध्याकाळनंतर. खोक्याला चारी बाजूंनी भोकं, खाली वर्तमानपत्र आणि जुनं सुती फडकं. निघण्याआधी दोन तास खाणं नाही, पाणी थोडं थोडं. बंद गाडी उन्हात पाच मिनिटंही सोडायची नाही. चहाला थांबलात तर एकानं पिल्लाजवळ बसायचं. पॉमेरियनसारख्या लहान जातीत साखर एकदम उतरते, पिल्लू लुळं पडतं, झटके येतात. बोटावर मध किंवा साखरेचं पाणी घेऊन हिरडीला चोळा, घशात ओतू नका.

घराकडे जाताना वाटेतच डॉक्टरांना दाखवा. पहिल्या २४ ते ४८ तासांतली तपासणी पुढं पुरावा म्हणूनही उपयोगी पडते. घरात दुसरं कुत्रं असेल तर १४ दिवस वेगळी खोली, वेगळं भांडं, आणि नव्या पिल्लाचं काम शेवटी. घरच्या कुत्र्याच्या लसी झालेल्या असल्या तरी हे करा.

खाणं दुकानात होतं तेच आठवडाभर, दिवसातून चार वेळा. नंतर दर दोन-तीन दिवसांनी पाव हिस्सा नवं. गाईचं, म्हशीचं दूध नको, त्यातली साखर पिल्लाला पचत नाही आणि मग जुलाब दुधाचे की पार्व्होचे हेच कळेनासं होतं. आंघोळ पहिले दोन आठवडे नाही.

रोज सकाळी एकाच वेळी वजन करा, किराणा तोलायचा काटा चालतो. वहीत चार रकाने: वजन, खाणं, विष्ठा, ताप. पिल्लाचं तापमान गुदद्वारातून १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०३ च्या वर किंवा ९९ च्या खाली गेलं, दोन दिवस सलग वजन घटलं, दोन वेळचं खाणं सोडलं किंवा एकदा जरी उलटी आणि जुलाब दोन्ही झालं, तर सकाळची वाट पाहू नका. पार्व्होत विषाणूला मारणारं औषध दवाखान्यात नेहमी मिळत नाही. शिरेतून सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, अँटिबायोटिक यांवर पिल्लू पाच-सात दिवस तगवायचं असतं. वेळेत सुरू झालं तर बरीच पिल्लं वाचतात, न केल्यास बहुतेक जातात. उलटी चालू असताना तोंडानं काहीच देऊ नका, ताक नाही, ओआरएस नाही. माणसांची जुलाब थांबवायची गोळी तर अजिबात नाही, त्यानं विष आतच कोंडतं.

गावचा सरकारी जनावरांचा दवाखाना बहुधा गाई-म्हशींसाठी चालतो. कुत्र्याच्या पिल्लाची शीर शोधणारा डॉक्टर जवळपास कोण, हे पिल्लू घ्यायच्या आधी विचारून ठेवा. १९६२ वर फोन करून फिरत्या पथकाची चौकशी करता येते, पण त्यावरच विसंबू नका.

गोठ्यातलं औषध पिल्लाला देणं हा आपल्याकडचा मोठा घोटाळा आहे. गोचिडासाठी जनावरांवर फवारायचं औषध, आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन, जंतांची मोठी गोळी. फेनबेंडाझोल दोन किलोच्या पिल्लाला दिवसाला १०० मिलीग्रॅम लागतं, जनावरांची गोळी १५०० मिलीग्रॅमची असते. तिचा पंधरावा हिस्सा चाकूनं कसा करणार? आयव्हरमेक्टिन लहान पिल्लांना आणि कॉली जातींना डोक्याला चढतं, आंधळेपणा, झटके, बेशुद्धी. जंताचं औषध डॉक्टरांकडून, वजनाप्रमाणे. वेळापत्रक २, ४, ६, ८ आठवड्यांना, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. गोलकृमी आईच्या पोटातूनच पिल्लाला येतात आणि अंगणात खेळणाऱ्या लेकरांच्या पोटातही जातात, म्हणून यात कुचराई नको.

---

साळुंकी

लेकरांचं निघालंच आहे तर एक. खेळताना पिल्लाचे दात लागतात, ओरखडे येतात. पिल्लू एवढंसं आहे म्हणून दुर्लक्ष करायचं का?

---

बोरबन

नाही, ताई. तीन महिन्यांखालच्या पिल्लाला रेबीजची लस झालेली नसते, आणि दुकानात येण्याआधी त्याला कोण चावलं हे कोणालाच माहीत नसतं. कातडी फुटली की वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही नको. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी कातडीत देतात. दंडाच्या स्नायूत दिली तर १४ व्या दिवशीचीही असते. रक्त आलं असेल तर जखमेत रेबीजविरोधी सीरमही लागतं, ते विचारून घ्या. पिल्लू धडधाकट दिसतंय म्हणून पहिला डोस टाळू नका.

आठ आठवड्यांआधी आई-भावंडांपासून तोडलेलं पिल्लू जोरात चावतं, हेही लक्षात असू द्या. किती दाबलं की समोरचा ओरडतो, हे ते भावंडांत खेळूनच शिकतं.

---

तेंदूपान

जंगलालगतच्या गावांसाठी थोडं वेगळं. ताडोबा, नवेगाव-नागझिरा, मेळघाट, बोर यांच्या कडेला राहणाऱ्यांनी डिस्टेंपर फक्त आपल्या पिल्लाचा आजार समजू नये. कुत्र्यांतून तो कोल्हा, बिबट, वाघ यांच्यापर्यंत जाऊ शकतो. २०१८ साली गीरमध्ये सिंह मेले तेव्हा तपासणीत हाच विषाणू सापडला होता. बिबट्यानं अंगणातून उचललेलं आजारी कुत्रं हा त्याचा सरळ रस्ता आहे. डोळ्यांत चिपडं, ताप, मग जबडा चावल्यासारखा थरथरणं, झटके, तळपाय कडक होणं, अशी लक्षणं दिसली तर पिल्लू घरात बंद ठेवा. मेलं तर शव जंगलाकडे फेकू नका, खोल खड्ड्यात पुरा. रात्री कुत्रं आत घ्यायचं, ते तर नेहमीचंच.

---

संत्राबाग

सगळ्यांचे आभार. गावातल्याच कुत्रीचं पिल्लू बघतो, आता ते महिन्याचं आहे, म्हणजे अजून चार आठवडे थांबतो. शेवटचा प्रश्न: बगीच्यातल्या खोलीत सालदाराचं पिल्लू दोन महिन्यांपूर्वी रक्ताच्या जुलाबानं गेलं. त्याच खोलीत नवीन ठेवता येईल का?

---

बोरबन

लगेच नाही, दादा. तो पार्व्हो होता असंच धरून चाला.

फरशी किंवा कोबा असेल तर आधी साबणानं घासून सगळी घाण काढा. मग घरगुती ब्लीच १ भाग, पाणी ३० भाग. दहा मिनिटं फरशी ओली राहिली पाहिजे, नुसता हात फिरवून उपयोग नाही. ब्लीच नसेल तर ताजी ब्लीचिंग पावडर १० लिटर पाण्यात ६० ग्रॅम, ढवळून गाळ बसू द्या आणि वरचं पाणी वापरा. ग्रामपंचायतीच्या उघड्या पोत्यातली जुनी पावडर मेलेली असते, वास उग्र येत नसेल तर घेऊ नका. संडास साफ करायचं ॲसिड त्यात मिसळू नका, विषारी वायू होतो. दारं-खिडक्या उघड्या ठेवा.

जमीन शेणानं सारवलेली असेल तर ब्लीचचा उपयोग होत नाही. शेण-माती क्लोरीन खाऊन टाकते आणि विषाणू तसाच राहतो. वरचा थर खरवडून लांब पुरा, नवी माती घाला, आणि वेळ जाऊ द्या. सावलीतल्या मातीत सात महिने, कडक उन्हातल्या जागी पाच महिने धरतात. जुनी दोरी, गोणपाट, लाकडी भांडं जाळून टाका. सालदाराची चप्पलही ब्लीचच्या पाण्यात बुडवा.

तुमचं पिल्लू आठ आठवड्यांचं झाल्यावर आणलंत, तर त्याला त्या खोलीपासून दूर, घराच्या ओसरीत ठेवा. १६ आठवड्यांचा डोस झाल्यावर आणखी दोन आठवडे थांबा आणि मगच बगीच्यात न्या.